खडीचाच रस्ता का

माझ्या सायकलला मोटर आहे.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या रविवारच्या टोळीतल्या एकालाही नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या डॉक्टरला तर नाहीच. आता लिहिलं, तर वाटतंय, एवढंसं वाक्य. दोन वर्षं पोटात ठेवायला मात्र दगडाएवढं होतं.

मोटर दिसत नाही, हीच तिची खुबी. मागच्या चाकाच्या मधोमध वाटीएवढी बसवलेली असते. एका बाजूला गिअरच्या चकत्या, दुसऱ्या बाजूला ब्रेकची चकती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं चाकाचा मधला भाग जरा गुबगुबीत आहे, एवढंच. बॅटरी खालच्या दांड्याच्या पोटात. वरच्या दांड्यावर एक बटण, शर्टाच्या बटणाएवढं, आणि त्यात एक हिरवा दिवा. त्या दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावली. फ्रेमवर एक बारीकसा वीज-बीज असं काही सुचवणारा शिक्का होता, तो बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून काढला. बाटली संपली. तिने आठवडाभर शोधली. मीही तिच्याबरोबर शोधली.

चार्जर बागेतल्या शेडमध्ये. बायकोने एकदा विचारलं, “हे काय लावलंयस?” मी म्हटलं, “गवत कापायच्या मशीनचं.” ती म्हणाली, “मग गवत काप की.” त्या उन्हाळ्यात आमचं लॉन सगळ्या गल्लीत देखणं होतं.

आता हे कशाला केलं, ते सांगतो.

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत राहून वीस वर्षं झाली. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसभर खुर्चीत. डॉक्टर मूळचा नागपूरचा, इथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. आम्ही एकाच वयाचे, दीड महिन्याचं अंतर. माझ्या कोलेस्टेरॉलचा आकडा ऐकून त्यानेच मला सायकलवर बसवलं. “औषध नंतर, आधी पेडल,” म्हणाला. सुरुवातीला कालव्याकाठच्या सपाट वाटेवर. तिथे मी बरा होतो. मग त्याने मला श्रॉपशायरच्या आणि पुढे वेल्सच्या डोंगरांत नेलं, आणि तिथे माझी अब्रू गेली.

दर चढाला एकच प्रकार. तो वर पोचायचा, उतरायचा, सायकल कुंपणाला टेकवायचा, पिशवीतून केळं काढायचा आणि माझ्यासाठी सोलून ठेवायचा. मी मागून, जीभ बाहेर, शेवटचं वळण ढकलत यायचो. तो केळं पुढे करून म्हणायचा, “घे. काळं पडलं बे. किती वाट पाहायची?”

त्यात कुचकेपणा नव्हता. हेच तर अवघड होतं. कुचका असता तर मी भांडलो असतो. हा माणूस खरोखर माझी वाट बघायचा. वाऱ्यात, थंडीत, कधी वीस-वीस मिनिटं. खाली उतरताना माझ्या मागे राहायचा, मी पडलो तर असावा म्हणून. दुसऱ्याने इतका चांगुलपणा दाखवला की माणसाला तो सहन होत नाही, निदान मला झाला नाही. त्या सोललेल्या केळ्याचा मला इतका राग यायला लागला की एका शनिवारी मी एकटाच स्टॅफर्डच्या पलीकडच्या एका दुकानात गेलो, आपल्याला कुणी ओळखणार नाही अशा दुकानात, आणि ही सायकल घेऊन आलो.

पहिल्या रविवारी मी डॉक्टरच्या आधी वर पोचलो.

तो आला तेव्हा मी कुंपणाला टेकून उभा होतो. केळं सोलून हातात. त्याने सायकल थांबवली, माझ्याकडे पाहिलं, मागे वळून चढाकडे पाहिलं, आणि मग एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडच्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

“अबे! काय खाऊन राहिला तू?”

त्या आनंदाचं मी काय करू? तो खरा आनंद होता. माझ्यासाठी. मी तिथेच सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, गंमत केली रे, हे बघ बटण. दोघं हसलो असतो, त्याने मला पाठीत एक घातली असती आणि विषय संपला असता. पण मी पाठीवरची पिशवी उघडली. त्यात बायकोने दिलेला डबा होता. डब्यात मेथीचे लाडू होते.

“हे,” मी म्हटलं. “हिच्या हातचे. रोज सकाळी दोन.”

बस. तिथून पुढे गाडी माझ्या हातात राहिली नाही.

आता खडीच्या रस्त्यांबद्दल. आमच्या टोळीत मी मार्ग शोधणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पाच-सहा जण आम्ही, सगळे पंचेचाळीस ते साठमधले, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या आपापल्या कथा. मोटारींची वर्दळ नसलेले, डोंगरातले, खडीचे रस्ते मी नकाशावर हुडकतो. जंगलखात्याच्या लाकूड वाहायच्या वाटा, धरणांकाठचे रस्ते, रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेच्या सपाट पट्ट्या, मेंढपाळांच्या घोडवाटा. मी यावर छोटं भाषणही देतो. धूर नाही, हॉर्न नाही, पाठीमागून लॉरी नाही. माणूस आणि निसर्ग. इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात एकदा स्लाइड्स दाखवून दिलं होतं. टाळ्या पडल्या.

खरी कारणं ही.

एक तर, मोटरला आवाज असतो. फार नाही, लांबून ऐकलेल्या मिक्सरसारखा. गुळगुळीत डांबरावर शेजारच्याला तो ऐकू येतो. खडीवर नाही. चाकाखाली खडी अशी कडाकडा बोलते की तिच्या पोटात मिक्सरच काय, पिठाची गिरणी लपेल. दुसरं, या देशात अशा सायकलची मोटर ताशी साडेपंधरा मैलांच्या वर गेली की आपोआप बंद पडते, तसा कायदाच आहे. सपाट रस्त्यावर टोळी त्याच्या वर जाते, आणि मग मी आणि माझी जडशीळ सायकल मागे. चढावर मात्र कुणीच तेवढ्या वेगाने जात नाही. म्हणजे मला डोंगर हवा होता, आणि डोंगरावर खडी हवी होती. आणि रस्त्यावरचे ते टाइट कपडेवाले सायकलस्वार, ज्यांना एका नजरेत मागचं चाक कळतं, ते खडीवर फारसे येत नाहीत. निसर्ग आणि माणूस म्हणतात तो हा.

तरी मध्येमध्ये डांबराचा तुकडा यायचाच. एखादं गाव, एखादा पूल. तेव्हा मी गायचो. आवाज झाकायला काहीतरी मोठ्याने म्हणावं लागे, आणि घाईत मला आरत्याच आठवायच्या. नव्या सायकलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारची गोष्ट, एक उभा चढ, नेमका डांबरी. टोळी मागे धापा टाकतेय, कुणाच्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि मी पुढे खणखणीत आवाजात गणपतीची आरती म्हणत चाललोय. पूर्ण. शेवटच्या कडव्यासकट. वर पोचल्यावर टोळीतला एक जण, जो एरवी देवाचं नाव घेत नाही, हात जोडून म्हणाला, “तुझ्यापुढे बोलायची सोय नाही.”

लाडवांची कीर्ती त्या दिवशी पक्की झाली.

बायकोला लाडवांसाठी फोन यायला लागले. आधी टोळीतल्या घरांतून, मग मंडळातून. लेस्टरहून डिंक आणायचा, मेथी कुटायची, तुपात भिजवायची, शनिवारी आमच्या घरात असा वास की पोस्टमन विचारायचा. ती खूश होती. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीचं श्रेय तिला मिळालं नव्हतं, आणि आता मी चारचौघांत सांगत होतो की सगळं हिच्यामुळे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, “मला वाटलं नव्हतं तू असं कधी कबूल करशील.” मी दुसरा लाडू तोंडात घातला. बोलायला लागू नये म्हणून.

डॉक्टरला मेथी आवडत नाही. लहानपणापासून. पण त्याने एका वेळी चाळीस लाडू नेले, आणि रोज सकाळी दोन असे औषधासारखे खाल्ले. “कडू जहर आहे ना बे,” म्हणायचा, “पण खाऊन राहिलो.” त्याचं वजन वाढलं. चढावर तो आणखी मागे पडायला लागला. मी वर उभा राहून केळं सोलायचो. त्याचं म्हणणं आता मी म्हणायचो, “काळं पडलं बे.” त्याच्याच नागपुरी ढंगात. तो हसायचा. पहिल्या वर्षी मनापासून, दुसऱ्या वर्षी थोडं उशिरा.

एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळंच ढोंग होतं. त्या रस्त्यांचा मला खरंच नाद लागला. लबाडीसाठी शोधले आणि प्रेमात पडलो. वेल्समध्ये धरणांच्या ओळीच्या काठाने एक जुना रेल्वेमार्ग जातो, धरणं बांधायला दगड वाहण्यासाठी टाकलेला. रूळ कधीच गेले. आता तिथे बारीक करडी खडी, एका बाजूला खडक फोडलेली भिंत आणि तिच्यावरून पाझरणारं शेवाळ, दुसऱ्या बाजूला खाली काळंभोर पाणी. एप्रिलमध्ये वरच्या उतारावर कोकरं. तासभर मोटारीचा आवाज कानावर येत नाही. तिथे मी कधीकधी बटण बंद करायचो. कुणी बघत नसताना, सपाट होता म्हणून, पण करायचो. आणि तिथे डॉक्टर माझ्या बाजूने चालवत हॉस्पिटलच्या गमती सांगायचा. तेवढ्या पट्ट्यात आम्ही सारखे असायचो. त्याला ते माहीत नव्हतं. मला होतं.

मग एका रविवारी, डोंगरातून माझ्या गाडीने परत येताना, तो सहज बोलावं तसं म्हणाला, “मी टेस्ट करून घेतल्या.”

“कसल्या?”

“सगळ्या. ईसीजी, ट्रेडमिल, छातीचा फोटो. ओळखीतल्याने केल्या. म्हटलं, एवढा मागे काहून पडून राहिलो मी? काही असेल तर कळू दे.”

मी गाडीचा वेग कमी केला. “मग?”

“काही नाही. हार्ट चांगलं, फुप्फुस चांगलं.” त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “म्हणजे प्रॉब्लेम मीच आहे.”

दुसऱ्यांना भूल देण्यात ज्याची हयात गेली त्याला मी दीड वर्ष भूल देत होतो, आणि तो मशीनपुढे झोपून स्वतःचं काय बिघडलंय ते शोधत होता. मी तेव्हा सांगायला हवं होतं. ही दुसरी वेळ. मी म्हटलं, “अरे, होतं असं. सुट्टी घे जरा.” आणि रेडिओ लावला.

तिसरी वेळ फाटकाची.

हे मला आधी सांगायला हवं होतं: मार्ग आखताना मी चढ मोजायचो नाही, फाटकं मोजायचो. डोंगरातल्या या वाटांवर जागोजागी गुरांसाठी फाटकं असतात. उघडून, जाऊन, परत लावायची. पण काही ठिकाणी फाटक उघडत नाही आणि सायकल उचलून पलीकडे द्यावी लागते. टोळीत पद्धत अशी की एकाने पलीकडे उभं राहायचं आणि बाकीच्यांच्या सायकली झेलायच्या. माझी सायकल दुसऱ्याच्या हातात गेली की खेळ खलास. म्हणून असा रस्ता दिसला की मी तो नकाशावरून गाळायचो. टोळीला सांगायचो, “तिथे बैल असतो.” त्या बैलाला माझ्यामुळे पाच-सहा डोंगर मिळाले आहेत.

यंदा वसंतात टोळीतले बाकीचे मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेले होते आणि आम्ही दोघंच निघालो. जंगलातली वाट, मी आधी पाहून आलेली, सगळी फाटकं उघडणारी. पण मधल्या वादळात एक मोठं झाड पडलं होतं, बाजूच्या छोट्या दारावरच. मोठ्या फाटकाला साखळी आणि कुलूप. मागे फिरायचं तर बारा मैल.

“चल,” डॉक्टर म्हणाला, आणि फाटकावरून उडी मारून पलीकडे गेला.

“तू थांब, मी देतो,” मी म्हटलं. म्हणजे मीच उचलीन, मीच टेकवीन, तू हात लावू नकोस.

“तुझा खांदा! हट, वेडा आहेस का? फ्रोझन शोल्डरवाल्याने सायकली उचलायच्या?” माझ्या खांद्याचं इंजेक्शन त्यानेच ठरवून दिलं होतं. तो फाटकावर वाकला आणि त्याने माझी सायकल दोन्ही हातांनी धरून वर घेतली.

अर्ध्यात थांबला. सायकल फाटकाच्या वरच्या फळीवर टेकवून तिच्याकडे बघत राहिला.

“ही किती जड आहे बे?”

“स्टील,” मी म्हटलं. “स्टीलची फ्रेम. खडीवर आरामदायी असते.” सायकल ॲल्युमिनियमची आहे. मी पंचवीस वर्षं धातूंत काम केलंय.

त्याने ती पलीकडे घेतली, हळूच भिंतीला टेकवली. मग मी त्याची सायकल वर दिली, ती त्याने एका हाताने झेलली. ती एका हातात तशीच धरून तो उभा राहिला. मी फाटकावर चढून पलीकडे उतरत होतो, त्यामुळे त्याचं तोंड मला वरून दिसत होतं. त्याला कळलं असं मला वाटलं. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो.

तो म्हणाला, “म्हणजे एवढं ओझं घेऊन तू माझ्या पुढे जाऊन राहिला होता? दोन वर्षं?”

तेवढ्यात कुठेतरी एक मेंढी ओरडली. माझं तोंड उघडं होतं. खरं बोलायला जे दोन शब्द लागतात तेवढी जागा होती त्यात.

“लाडू, डॉक्टर,” मी म्हटलं. “लाडू.”

तो हसला. सभ्यपणे. माझ्या सायकलीच्या सीटवर दोनदा थापटलं, घोड्याला थापटतात तसं, आणि आपल्या सायकलीवर बसला. पुढच्या चढाला मी बटण दाबलं नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. तो वर जाऊन थांबला नाही. पहिल्यांदाच. केळं नाही, काही नाही. सरळ पलीकडे उतरून गेला. मला वाटतं मी मुद्दाम मागे राहतोय, त्याची कीव करतोय, असं त्याला वाटलं असणार.

खालच्या कॅफेत त्याने स्कोन अर्धा ठेवला. म्हणाला, “झालं यार माझं. प्रत्येकाचं एक वय असतं. तुझं यायचंय अजून.”

त्याची सायकल आता गॅरेजमध्ये छताच्या हुकाला टांगलेली आहे. तो लॉन बोल्सला, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाला जातो, पांढरे कपडे घालून, सत्तरीच्या लोकांबरोबर. म्हणतो, मजा येते. मेथीचे लाडू बंद केले. हे एक मात्र त्याच्या भल्याचं झालं.

मी मध्यंतरी एकटा त्या जंगलातल्या वाटेवर गेलो. झाड काढलं होतं, छोटं दार उघडत होतं. ठरवून गेलो होतो की बटणाला हात लावायचा नाही. तीनदा उतरून ढकलली. वर पोचायला किती वेळ लागला ते सांगत नाही. खरं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो, शेवटच्या वळणावर बटण दाबलं. वर कुणी नव्हतं. केळं माझ्याच पिशवीत होतं. मीच सोललं, मीच खाल्लं.

आणि परवा त्याच्याकडे चहाला गेलो होतो. मनात वाक्य तयार होतं, गाडीत दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. वहिनी चहा देताना म्हणाल्या, “भाऊजी, यांना घेऊन जा ना हो परत. घरात बसून नुसते कुरकुर करतात. तो धरणाजवळचा रस्ता, तिथे तरी.”

“याच्या मागे?” डॉक्टर म्हणाला. “मी वर पोचेपर्यंत हा घरी जाऊन जेवून येईल.”

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने. मग मी चहा प्यायलो, चिवडा खाल्ला, आणि निघताना गॅरेजवरून गेलो. दार अर्धं उघडं होतं. हुकावरच्या सायकलीची चाकं दाबून पाहिली, हवा भरलेली होती. दोन्ही चाकांत. टाकून दिलेल्या सायकलीची हवा कुणी भरत नाही.

बायकोलाही सांगावं लागेल, लाडवांचं काय करायचं ते तिने ठरवावं. टोळी हसेल, ते मला चालेल. पण डॉक्टरचं मी देणं लागतो ते हे: पहिल्या ओळीतलं वाक्य, त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या तोंडावर. आणि त्यानंतर एक चढ, मोटरवाली घरी ठेवून, माझ्या जुन्या साध्या सायकलीवर, तो पुढे आणि मी मागे. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.